एकशे बारा डावे कान

६ जानेवारी २०२५, सोमवार, कंधार

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी एका सेवानिवृत्त नायब तहसीलदारांना चांदणीत बसवले. या घटनेची कुठेतरी नोंद असावी म्हणून लिहितो आहे. दुसरे कोणी लिहिणार नाही.

आमच्या दैनिकाच्या नांदेड कार्यालयाने फर्मान काढले आहे. रविवारच्या पुरवणीत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फोटो येतात, ते यापुढे साध्या चौकोनात चालणार नाहीत. बदाम, चांदणी, फूल, पान यांपैकी काहीतरी हवे, कडा मऊ हव्यात, आणि हे सारे तालुक्याच्या वार्ताहराने स्वतःच्या फोनवर करून पाठवायचे. बावीस वर्षे मी या दैनिकाला कंधारच्या बातम्या पुरवतो आहे. त्याआधी सहा वर्षे पाठशाळेत आणि दोन वर्षे विद्यापीठात संस्कृत शिकलो. एवढ्या तयारीनंतर आयुष्यात हे काम वाट्याला येईल, अशी सूचना एकाही गुरुजींनी दिली नव्हती.

चांदणीला पाच टोके असतात, माणसाच्या डोक्याला एकही नसते. साहेबांचे टक्कल वरच्या टोकात बरे बसले. पण आडव्या दोन टोकांत दोन कान गेले आणि खालच्या दोहोंत मिशी वाटून द्यावी लागली. फुटक्या काचेतून कोणी डोकावून बघावे, तसे साहेब दिसू लागले. पाठवले तसेच. संध्याकाळी त्यांचा फोन. मी जीव मुठीत धरून उचलला.

"मार्तंडराव, लई झकास! व्हॉट्सअ‍ॅपला डीपी ठेवला."

अलंकारशास्त्रात घालवलेल्या वर्षांचे आता वाईट वाटू लागले आहे.

७ जानेवारी, मंगळवार

महादेवप्पांच्या छापखान्यात गेलो. तिथे संगणकावर राजकन्या बसते. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका आणि चौकाचौकांतले फ्लेक्स तिच्याच हातचे. मी म्हणालो, "बाई, मला चौकटी शिकव."

"कामून सर? बातम्या सरल्या का?"

"बातम्या आहेत. आता त्यांना कोणी वाचत नाही, फोटो बघतात."

"ते तर आदीपासूनच हाय." तिने खुर्ची सरकवून दिली. "हे बगा. आकार जागंवर ऱ्हातो. मानूस त्याच्याखाली सरकवायचा. तुमी आकार हलवून राहिलात म्हनून तो तहसीलदार तसा दिसून राहिला."

म्हणजे तिनेही पाहिला होता. तासाभरात बरेच शिकवले. चेहरा उजळ करणे, मागचे धूसर करणे, जुनाट पिवळा रंग चढवणे. सगळ्यात मोलाची गोष्ट तिने शेवटी सांगितली. "कडा इरघळू द्या सर. कापल्यावानी दिसू नये. कापलंय हे दिसलं की मानसं इचारतात, काय कापलं."

घरी येऊन सोळा फोटो केले. बायकोला, गोदावरीला, तिच्या आईसकट कमळात बसवले. ती म्हणाली, "अहो, आई जिवंत आहे अजून." मग कमळ काढले.

११ जानेवारी, शनिवार

मालविका आली. दर दुसऱ्या शनिवारी येते. किनवटहून रेल्वेने नांदेड, तिथून एसटीने कंधार. तिकडे एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते. सत्तावीस पूर्ण झाली. माझ्या नव्या विद्येचे वृत्त तिला आईकडून कळले होतेच.

"बाबा, आता मला कशात बसवणार? वांग्यात?"

"वांग्याचा आकार उपलब्ध नाही."

"अरेरे."

हे स्थळांसाठी लागणाऱ्या फोटोबद्दल चालले होते. जुना फोटो तीन वर्षांचा आहे, नवा हवा. अंगणात तिला खुर्चीवर बसवले. म्हणालो, "मान जराशी डावीकडे वळव."

"कशाला?"

"प्रकाशासाठी."

"ऊन तर याच बाजूनं येतंय. वळले तर तोंड अंधारात जाईल."

विज्ञान शिकलेल्या मुलीशी प्रकाशाबद्दल बोलू नये. ती सरळ समोर बघत बसली, नेहमीच बसते, आणि मी फोटो काढला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मालविकाच्या डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत कोड आहे. नववीत असताना कानामागे बोटाएवढा डाग दिसला, मग तो गालावर उतरला. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की दुखत नाही, कोणाला लागत नाही, आणि आता पाचएक वर्षे वाढलेलाही नाही. हे सगळे खरे. पण याआधी दोन स्थळे घरी येऊन गेली. फोटो आम्ही पाठवला होता तो लांबून काढलेला. पहिल्यांनी पोहे खाल्ले आणि "कळवतो" म्हणून गेले. दुसऱ्यांना मालविकानेच दारात सांगितले, "बसायच्या आधी बघून घ्या, म्हणजे पोहे वाया जायला नकोत." तेही पोहे खाऊन गेले. कळवले कोणीच नाही.

१३ जानेवारी, सोमवार

तिचा फोटो घेऊन छापखान्यात. राजकन्याने पडद्यावर मोठा केला. पडद्यावरचा बाण गालावर नेला. म्हणाली, "सर, हे पुसता येतं. एका मिनटात. कळनार बी न्हाई."

मी ठाम नकार दिला. पुसणे म्हणजे असत्य. जे आहे ते नाही म्हणणे. असे मी कधी बातमीतही केले नाही, फोटोत कसे करीन? "आपण एखादा आकार बघू," म्हणालो.

बदाम पाहिला, वर्तुळ पाहिले, फूल पाहिले. सगळे आकार दोन्ही बाजूंना सारखे. मग कोयरी सापडली. लुगड्याच्या पदरावर असते तशी, एका अंगाने भरलेली आणि दुसऱ्या अंगाने आत वळलेली. तिची आतली वळणदार बाजू डाव्या गालावर आणली तर कपाळ, डोळे, नाक, हसू सगळे राहते. डावा कान आणि त्याखालचे तेवढे बाहेर जाते. कडा विरघळवल्या. फोटो अतिशय सुंदर दिसतो.

"म्हंजी कापायचंच होतं," राजकन्या म्हणाली.

"कापायचे नाही. कोयरीत बसवायचे."

"हाव," ती म्हणाली.

पुसणे आणि चौकटीबाहेर राहणे यात फरक आहे. फरक सूक्ष्म आहे, पण सूक्ष्म फरक समजण्यासाठीच तर माणूस शास्त्र शिकतो.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचे तिळगूळ घेऊन सुमनबाई आल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण घरात शिरताना अजून सगळ्यांची नखे तपासतात असे वाटते. त्यांच्या सेवानिवृत्त शिक्षक मंडळाचा नांदेडला ९ फेब्रुवारीला सर्वजातीय वधू-वर परिचय मेळावा आहे. सर्वजातीय याचा अर्थ पुस्तिका हाती पडताच प्रत्येकाने आपापल्या जातीची पाने आधी उघडायची. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांतून एकशे तेरा नावे आली आहेत. पुस्तिका महादेवप्पांकडे छापायची आहे.

"फोटो मात्र कसेही आलेत," सुमनबाई म्हणाल्या. "कोणी मोटारसायकलवर, कोणी धबधब्यासमोर. सगळे एकसारखे करून देणारा कोणी जाणकार हवा."

"मी देतो," मी म्हणालो.

गोदावरीने माझ्याकडे पाहिले. गेल्या तीस वर्षांत मी कोणतेही सामाजिक कार्य एवढ्या लवकर अंगावर घेतलेले नाही. मालविकाचेही नाव त्यात आहे. फोनवर विचारले होते. म्हणाली, "घाला. मेळाव्याला मी येईन आणि स्वतः बोलेन."

१९ जानेवारी, रविवार

अडचण लक्षात आली. एकशे बारा फोटो चौकोनात आणि एकच कोयरीत असला तर पहिले बोट त्या कोयरीवरच पडेल. लोक विचारतील, हिलाच का? ती कोयरी झाकण्याऐवजी दाखवूनच देईल.

जेवताना उपाय सुचला. इतका सोपा की हातातला घास तसाच राहिला. सगळ्यांनाच कोयरी.

२० जानेवारी, सोमवार

राजकन्याचा विरोध. "सर, समद्यायचे एका बाजूचे कान जायले."

"कान बघून कोणी लग्न करत नाही."

"बाया करतेत. कानात काय हाय ते बगतेत."

मी तिला एकरूपतेचे महत्त्व समजावले. पानोपानी एकच आकार आला की डोळा थांबतो, मन स्थिर होते, पुस्तिकेला व्यक्तिमत्त्व येते. शिवाय कोयरी मंगल आहे. बोलता बोलता मलाच ते पटत गेले. राजकन्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमी म्हनताय तर करू."

२४ जानेवारी, शुक्रवार

आतापर्यंत सत्तर. कष्टाचे काम आहे, पण मजेचेही. देगलूरच्या एका इंजिनिअरने काळा चष्मा लावून फोटो पाठवला, त्यात छायाचित्रकाराचे प्रतिबिंब स्वतः उमेदवारापेक्षा ठळक दिसते. एका मुलीच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. उरलेले माणूस कापलेले, हात तसाच. तो मी धूसर केला. हात कोणाचा हे विचारायचे काम माझे नाही. एका मुलाने वडिलांच्या सत्काराचा फोटो पाठवला आहे आणि "मागच्या रांगेतला तिसरा" असे लिहिले आहे.

मालविका या शनिवारी येणार नाही. शाळेत सव्वीस जानेवारीची तयारी. बरे झाले. का बरे झाले, ते लिहीत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तिका वाटली गेली. सुमनबाईंनी फोन करून "नेटकी" म्हटले. त्यांच्या शब्दकोशात याच्यावरचा शब्द नाही.

दुपारी लातूरहून फोन. मुलगा आलोक, तंत्रनिकेतनात शिकवतो, एकतीस वर्षांचा. त्याच्या आई बोलत होत्या. अठ्ठावन्न क्रमांकाची मुलगी, म्हणजे आमची मालविका, सगळ्यांना आवडली, आलोकने फोटो दोनदा उघडून पाहिला, मेळाव्यात प्रत्यक्ष भेटू म्हणाल्या. आवाज मोकळा, हसरा. गोदावरी शेजारी उभी राहून खुणा करत होती, "सांगा, सांगा." मी सांगितले नाही. मेळाव्यात कोड दिसेलच, असे मनाशी म्हटले. एकदा मुलगी बोलताना ऐकली की बाकीचे मागे पडते, असा माझा हिशेब आहे.

गोदावरी फोन ठेवल्यावर म्हणाली, "मागच्या दोन वेळा पण तुमचा हाच हिशेब होता."

५ फेब्रुवारी, बुधवार

अनर्थ झाला.

सकाळी दारात रामकिशन. कंधार आगारात वाहक होते, आता निवृत्त. त्यांचा मुलगा शिवशंकर पुस्तिकेत एकोणतीस क्रमांकावर आहे, तलाठी आहे, मुलगा सोन्यासारखा. त्यांनी पुस्तिका माझ्यासमोर उघडून धरली.

"पत्रकार सायेब, माज्या पोराचा कान कुठंय?"

"आहे की, उजवा."

"डावा?"

"तो चौकटीबाहेर गेला आहे. कलात्मक मांडणी आहे, रामकिशनराव."

"तुमची कला ठेवा तिकडं. शिरूर अनंतपाळची पावनी मंडळी व्हती, समदं ठरत आलतं. काल फोन आला. म्हने, पोराला कमी ऐकू येतं काय? डॉक्टरचं सर्टिफिकेट आना म्हने! तलाठी हाय माजं पोरगं, भयरं न्हाई!"

"पण सगळ्यांचाच डावा कान नाही. एकट्याचा नाही."

"मंग आजून बेकार! ते म्हनले, हे मंडळ भयऱ्या पोरायचं हाय काय?"

गोदावरी आतून चहा घेऊन आली आणि तो हातात देताना तिचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही. रामकिशन चहा पिऊन जरा शांत झाले. जाताना म्हणाले, "बातमीत मानूस मारला तरी तुमाला माफी असते. पन लगनाच्या फोटूत कान कापायचा नसतो, मार्तंडराव."

दुपारपर्यंत सुमनबाईंकडे सतरा तक्रारी. उदगीरच्या एका मुलीच्या आत्याने विचारले, डाव्या बाजूला भाजल्याची खूण आहे काय. कोणी म्हणाले, मंडळाने मुद्दाम व्यंग झाकले. सुमनबाई फोनवर कडाडल्या, "त्या छापखान्यातल्या बाईला काही अक्कल आहे की नाही? महादेवप्पांना सांगितलंय, मंडळाचं काम पुन्हा तिच्या हातात द्यायचं नाही. तुमच्यासारखा माणूस शेजारी बसून तिनं हे केलंच कसं?"

मी म्हणालो, "बघतो."

एवढेच म्हणालो. दिवसभर ते 'बघतो' माझ्या तोंडात आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्याकडे गेलो नाही. बातमीचे काम होते. बातमी दोन ओळींची होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

मालविका दुपारी आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि बाजेवर बसून पुस्तिका उघडली. आधी हसली. "बाबा, हे काय? सगळे कोयरीत? लोणचं घालायचं आहे का?"

"एकरूपता," मी म्हणालो.

ती पाने उलटत गेली. धबधब्याच्या मुलाला बघून हसली, काळ्या चष्म्याला बघून हसली. अठ्ठावन्नवर थांबली. मग पुस्तिका मिटली, पुन्हा पहिल्या पानापासून उघडली आणि आता सावकाश, एकेका फोटोवर बोट ठेवत गेली. ती प्रयोगवह्या तपासते तेव्हा अशीच बसत असावी.

"सगळ्यांचा डावाच," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"बाबा, माझ्या एका गालासाठी तुम्ही एकशे बारा लोकांचे कान कापले?"

"कापले नाहीत. चौकटीच्या बाहेर..."

तिने हात वर केला. वर्गात करत असेल तसा.

गोदावरी म्हणाली, "अगं, तुझ्या भल्यासाठीच गं."

"आई, तुला माहीत होतं?"

"कोयरी छान दिसते म्हणाले. मला वाटलं, छान दिसते म्हणून." गोदावरी उठून आत गेली.

मालविका चिडली असती तर मला बरे वाटले असते. तिने शांतपणे एकच विचारले. "आणि आता याबद्दल बोलणी कोण खातंय?"

मी सांगितले. राजकन्या.

तिने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "आत्ता."

सुमनबाईंना फोन लावला. कोयरी मी निवडली, सगळ्यांना मी लावली, राजकन्याने पहिल्याच दिवशी विरोध केला होता, आणि कारण माझी मुलगी, हे सगळे क्रमाने सांगितले. त्या म्हणाल्या, "मार्तंडराव, तुम्ही शिकलेले." आणि फोन ठेवला.

तिथून छापखान्यात. महादेवप्पांसमोर तेच पुन्हा सांगितले. ते "असू द्या" म्हणाले, पण राजकन्या पडद्याकडेच बघत होती.

"मला पयल्या दिशीच समजलं व्हतं सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बाप मानूस. मला बी लेकी हायेत, दोन." तिने एका पत्रिकेवरचा गणपती जरा डावीकडे सरकवला. "पन तीन दिस हे आप्पा माज्यासंगं बोलले न्हाईत. ते बरं न्हाई झालं."

मी माफी मागितली. "हाव," ती म्हणाली. तो हाव क्षमेचा होता की नुसता हो म्हणण्याचा, कळले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. नांदेड

मंगल कार्यालय भरले होते. सुमनबाईंनी दीपप्रज्वलनानंतर लगेच माइक घेतला. "एक निवेदन. पुस्तिकेतील सर्व एकशे तेरा उमेदवारांना दोन्ही कान आहेत. मंडळाने खात्री केली आहे." सभागृह हसले. मी सोडून सगळे हसले, असे वाटले. नंतर बघितले तर गोदावरीही हसत नव्हती.

उमेदवार एकेक करून व्यासपीठावर येत होते. शिवशंकर आला तेव्हा रामकिशन खालून ओरडले, "अरे वळ की! दाव तिकडून!" तो बिचारा लाजत वळला, डावा कान दाखवला, आणि टाळ्या पडल्या. मग हा पायंडाच पडला. जो येईल तो आधी मान वळवी, कान दाखवी, मग नाव सांगे.

अठ्ठावन्न. मालविका आली. केस मागे बांधलेले, डावी बाजू पूर्ण उघडी. कान दाखवण्यासाठी तिला वळावे लागले नाही.

"नमस्कार. मी मालविका. किनवटला विज्ञान शिकवते. पुस्तिकेत सगळ्यांचे डावे कान गेले ते माझ्यामुळे. माझ्या गालावर कोड आहे. ते दिसू नये म्हणून माझ्या बाबांनी सगळ्यांनाच एका साच्यात घातलं. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागते. कोड मला तेरा वर्षं आहे. त्यानं दुखत नाही आणि ते कोणाला होत नाही. मला स्वयंपाक बरा येतो, पोहे सगळ्यात चांगले. आतापर्यंत दोन घरांनी खाल्लेत."

कोपऱ्यातून कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. टाळ्या फारशा झाल्या नाहीत. पण उठून कोणी गेले नाही. पुढच्या रांगेत रामकिशन बसले होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पुढे पाहिले. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर सोपे होते.

चहाच्या वेळी आलोक स्वतः तिच्याकडे गेला. उंच, जरा वाकून बोलणारा मुलगा. दोघे खिडकीपाशी वीस मिनिटे उभे होते. मी बिस्किटे घेण्याच्या निमित्ताने दोनदा जवळून गेलो. पहिल्यांदा तो विचारत होता, "किनवटची गाडी नांदेडहून किती वाजता सुटते?" दुसऱ्यांदा मालविका म्हणत होती, "उशिरा सुटते आणि उशिरा पोचते, पण जंगल लागलं की बरं वाटतं." बातमीदार म्हणून सांगतो, एवढ्यावरून काहीही छापता येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लातूरहून आलोकच्या आईंचा फोन. आवाज आजही मोकळा होता, हसरा नव्हता.

"मुलगी आवडली. आलोकला तर फारच. गालाचं म्हणाल तर आम्ही घरात बसून बोललो, आमचं काही म्हणणं नाही. पण एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"मुलीनं दोनशे माणसांपुढं माइकवर सांगितलं. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एकट्या मला सांगितलं नाही. उद्या सोयरीक झाली तर आम्ही तुमचा कोणता शब्द पुरता धरायचा?"

'बघतो' ओठांवर आले होते, ते आवरले. एरवी मला उत्तर देण्याची सवय आहे.

"वेळ द्या आम्हाला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मालविकाला फोनवर सांगितले. मला वाटले ती माझी बाजू घेईल, निदान थोडी. म्हणाली, "बरोबर विचारलं त्यांनी." आणि मग, "आलोकशी माझं मी बोलते आहे. आता तुम्ही मध्ये काही करू नका. फोटोसुद्धा नाही."

१७ फेब्रुवारी, सोमवार

नांदेड कार्यालयाला कळवले की यापुढे शुभेच्छांचे फोटो मी चौकोनातच पाठवीन. त्यांनी उत्तर दिले की आकाराचे काम आता ते तिकडेच करून घेतील. अशा रीतीने माझी कलासाधना सहा आठवड्यांत समाप्त झाली. नायब तहसीलदारांच्या डीपीवर चांदणी अजून आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या मालविका येणार. गोदावरीने आतापासून चिवडा करून ठेवला आहे. आलोकशी तिचे बोलणे चालू आहे, एवढे आईला कळले आहे. पुढचे दोघींपैकी कोणी मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

लग्न जमेल की नाही याची काळजी आहे. ती खोटी नाही. पण आठ दिवस मी स्वतःला तीच एक काळजी आहे असे सांगतो आहे, आणि ते खरे नाही.

मालविका दारातून आत येते तेव्हा माझी नजर आधी तिच्या डाव्या गालावर जाते. वाढला का, बघायला. मग तिच्या डोळ्यांकडे जाते. तेरा वर्षे हे असेच चालले आहे. तेवढा वेळ ती दारात चप्पल काढत थांबते, माझे बघून होईपर्यंत. मला वाटायचे चपलेचा बंद अवघड आहे.

कोयरी मी लोकांच्या नजरेसाठी केली असे सगळे समजतात. रामकिशन समजतात, आलोकची आई समजते. मालविका तसे समजत नाही. उद्या ती आली की मला आधी तिच्या डोळ्यांकडे बघायचे आहे. जमेल की नाही, मला सांगता येत नाही. नाही जमले तर तिला कळेल, याची मला भीती वाटते.